लग्नात बसणारा आवाज

आमच्या ह्यांचा आवाज मयतीत कधीच बसला नाही. बसायचा तो लग्नात. हे मी पहिल्यांदा डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो हसला होता. ज्याला हसायचं असेल त्यानं इथंच हसून घ्यावं, पुढं मला मधे बोललेलं चालत नाही.

ह्यांचं नाव भागुजी. निमगाव सावाच्या हायस्कुलात शिपाई होते. शाळेत घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, आणि शाळा सुटली की सायकल काढून कुठल्या तरी गावाला कार्याला जायचं. हे आमच्या समाजाचे बौद्धाचार्य. आमच्याकडं लग्न, नामकरण, घरभरणी किंवा माती असली की विधी घ्यायला आमच्यातलाच शिकून आलेला माणूस असतो. तो पांढरे कपडे घालून समोर उभा राहतो, त्रिसरण-पंचशील म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागं म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी धर्म स्वीकारला तेव्हा हे आठ वर्षांचे होते. सासरे म्हणाले होते म्हणे, आता आपलं कार्य आपणच करायचं, आणि कुणाचं कार्य माणसावाचून अडू द्यायचं नाही. ते ह्यांनी असं मनावर घेतलं की बास. खोडद, पारगाव, बेल्हे, कुठूनही निरोप येवो, हा माणूस नाही म्हणायचा नाही.

आवाज लई मोठा. माईक लागायचा नाही. घरात मात्र मुका. भाजीत मीठ नसलं तरी तशीच खाऊन उठायचे. मी पडले अंगणवाडीची सेविका, दिवसभर तीस पोरांवर ओरडून घरी यायची, आणि घरी हा असा भिंतीसारखा नवरा. मी कितीदा भांडण काढायला जायची, पण एकट्यानं भांडायचं तरी किती?

आता कपिलचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कपिल आमचा थोरला. चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात तो दहावीची परीक्षा देऊन घरी होता. त्याला ताप आला, मग डोळे पिवळे दिसायला लागले. काविळीचं औषध चालू केलं. त्यातच ह्यांना खोडदच्या लग्नाला जायचं होतं. हे सकाळी गेले. दुपारनंतर पोरगं काहीबाही बोलायला लागलं, मग बोलायचंच बंद झालं. संध्याकाळी हे आले तेव्हा जीप दारात उभी होती. नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. तिसऱ्या दिवशी पोरगं गेलं. सोळा वर्षांचं.

घरी आणलं तेव्हा माणसं जमली आणि विधी कुणी घ्यायचा हे कुणालाच कळेना. दुसरे बौद्धाचार्य पारनेरच्या बाजूला लग्नाला गेलेले, लगीनसराई होती. ऊन चढत चाललेलं. शेवटी ह्यांचा धाकटा भाऊ भिमाजी घाबरत घाबरत म्हणाला, "दादा, आता तुमीच घ्या."

आणि ह्यांनी घेतला. घरात जाऊन पांढरा शर्ट-लेंगा घालून आले, विधीची पुस्तिका हातात घेतली, आणि स्वतःच्या लेकाच्या मातीला सगळं म्हणून घेतलं. एक शब्द अडखळला नाही. पाचव्या दिवशी जलदानाचा विधी असतो. त्यात जवळच्या माणसांनी तांब्यातलं पाणी वाटीत सोडायचं असतं आणि बौद्धाचार्यानं गाथा म्हणायच्या असतात. एक माणूस दोन्ही कसं करणार? हे गाथा म्हणत उभे राहिले, आणि बापाच्या जागी बसून पाणी सोडलं भिमाजीनं. लोक मला येऊन सांगत होते, काय काळीज आहे हो भागुजीभाऊंचं. मला वाटत होतं ती पुस्तिका हिसकावून चुलीत घालावी.

डोळ्यांतून टिपूस नाही. पुढच्याच आठवड्यात आधी शब्द दिलेलं एक लग्न होतं, तेही लावून आले. त्यानंतर ह्यांनी कपिलचं नाव घरात घेतलं नाही. मी काढलं की उठून बाहेर जायचे. मी ह्या माणसाला माफ केलं नाही, हे खरंच सांगते. मी एकटी रडले, वर्षानुवर्षं रडले, आणि दर वेळी वाटायचं, ह्याला काहीच कसं होत नाही?

नऊ वर्षं अशी गेली. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत भिमाजीच्या रुपेशचं लग्न निघालं. रुपेश आणि कपिल एका वयाचे, एका बाकावर बसलेले. नवरानवरी उभी राहिली, हे प्रतिज्ञा सांगायला लागले, आणि मधेच आवाज गेला. म्हणजे घसा धरला वगैरे नाही. तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता. पाणी दिलं, खडीसाखर दिली. शेवटी कुणीतरी पुस्तिका बघून विधी पुरा केला. लोक म्हणाले, घरचं लग्न, दगदग झाली, व्हायचंच.

चार दिवसांनी पारगावला मयत होती, तिथं आवाज खणखणीत. पुढच्या लग्नात परत गेला. असं वर्षभर चाललं. मयतीला ठणठणीत, लग्नात बंद. हळूहळू लोक लग्नाला दुसऱ्याला बोलवायला लागले आणि ह्यांना फक्त मातीला. हे ह्यांना लागलं असणार, पण बोलतील कसे?

ज्येष्ठमध झाला, मधाचं चाटण झालं. शेजारची साळुबाई म्हणाली, कुणीतरी करणी केली असंल, एका बाबाला दाखवू. साळुबाई माझी मैत्रीण, मनानं चांगली, पण हे तिच्याकडं असे बघायला लागले की ती चहा टाकून उठली. पुण्याला घशात नळी घालून बघितलं. काहीच निघालं नाही. तो हसला तो डॉक्टर हाच. लग्नाची ॲलर्जी दिसते, म्हणाला. मी त्याला म्हणलं, साहेब, तुमचा आवाज ऑपरेशन करताना गेला असता तर हसला असता का? मग त्यानं मान खाली घालून कागद लिहून दिला.

आमची धाकटी अमृता तेव्हा पुण्यात समाजकार्याचं शिकत होती. तिचं लग्न पारगावच्या मुलाशी ठरलं, तारीख धरली पुढच्या वर्षीच्या आठ मेची. बापाला दोन्ही पोरं दादाच म्हणायची. आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, माझ्या लग्नाचा विधी दादाच घेणार. नाहीतर मी लग्न पुढं ढकलते. लहानपणापासून तिनं सगळ्या गावांच्या पोरींना तिच्या बापानं प्रतिज्ञा दिलेली बघितली होती. स्वतःच्या वेळी दुसरा माणूस तिला नको होता. हे ऐकून ह्यांच्या तोंडावर जी कळा आली ती मी बघितली. घाबरला होता माणूस. तेव्हापासून घरात एकच गोष्ट होती, आठ मेपर्यंत आवाज आला पाहिजे.

अमृतानं ह्यांना आधी मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं. म्हातारा, शांत माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, झोप, भूक, जिवाला काही करून घ्यायचे विचार येतात का, हे विचारलं. गोळ्यांची ह्यांना गरज नाही, बोलून उपचार करावे लागतील, म्हणाला. पण बोलून करायचे उपचार पुष्कळ तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत आजच्या विचारांच्या सवयी बदलायला शिकवतात, घरी अभ्यास देतात, ते लवकर होतं. दुसऱ्या तऱ्हेत मागचं जे माणसानं बोललेलंच नसतं, पण जे आतून त्याला चालवत असतं, तिथपर्यंत बोलत बोलत जातात. त्याला वेळ लागतो. मनोगतिक का काहीतरी नाव सांगितलं त्यानं. सगळ्यांना हीच तऱ्हा लागते असं नाही, पण फक्त लग्नातच आवाज जातोय म्हणजे तिथं काहीतरी अडकलंय, म्हणाला, आणि ते शोधणारं माणूस बघा. तीन नावं लिहून दिली.

अमृता एसटीडी बूथमध्ये वही घेऊन बसायची. प्रश्न तिनं तिच्या कॉलेजच्या बाईंकडून लिहून आणले होते. तुमचं शिक्षण काय, ह्याच पद्धतीचं रीतसर शिकलात का, अडलं तर कुणा वडीलधाऱ्या जाणकाराला विचारता का, स्वतः कधी अशा खुर्चीत बसून उपचार घेतलेत का, किती दिवसांनी भेटता. मी म्हणलं, अगं, स्थळ बघतेस का डॉक्टर? ती म्हणाली, आई, स्थळाला तरी आपण एवढं विचारत नाही, तीच चूक आहे.

पहिल्या नावाकडं सहा महिने जागा नव्हती. दुसऱ्या गृहस्थानं प्रश्न पुरे ऐकलेच नाहीत. दोन बैठकींत संमोहनानं झोपवून बरा करतो, खात्री देतो, म्हणाला. तिनं फोन ठेवला. बघितल्याशिवाय खात्री देतो त्याच्याकडं जायचं नाही, म्हणाली. तिसऱ्या होत्या घारपुरे बाई. त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि वर सांगितलं, आधी तीन वेळा भेटू, मग मला जमेल का आणि त्यांना माझ्याशी बोलवेल का ते दोघं मिळून ठरवू. आठ मेचं वचन मी देत नाही.

आता आमची अक्कल ऐका. आमच्याकडं आजारी माणसाला एकटं पाठवत नाहीत. तशी रीतच नाही, लोक काय म्हणतील? ऑगस्टातल्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही पाच जण निघालो. हे, मी, भिमाजी, रुपेश आणि वाटेत अमृता. बरोबर भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत बाईंची खोली. बाईंनी दार उघडलं आणि आम्ही पाचही जण आत जाऊन बसलो. भिमाजी तर सांगायलाच लागला, त्याचं असं व्हतंय बघा मॅडम. बाई उभ्याच. शांतपणे म्हणाल्या, "मी भागुजींशी बोलणार आहे. बाकीच्यांनी बाहेर बसायचं."

मला असा राग आला! अठ्ठावीस वर्षांचा संसार माझा, आणि ही कोण मला बाहेर बसवणारी? बाहेर पुरती चार माणसांची जागाही नव्हती, भिमाजी आणि रुपेश जिन्यात बसले. पन्नास मिनिटं झाल्यावर हे बाहेर आले. पिशवी तशीच हातात. बाईंनी शेंगा घेतल्या नव्हत्या. नुसतं नाही म्हणाल्या असत्या तर ठीक. त्यांनी विचारलं होतं, मला काहीतरी द्यावंसं तुम्हाला का वाटलं? हे परत येताना सगळी वाट चिडले होते. "शेंगा हायेत, त्याला का कशाला लागतंय?"

पुढल्या वेळेपासून मी एकटीच बरोबर जायची. तिसऱ्या भेटीनंतर मीच बाईंना दारात गाठलं. म्हणलं, तुम्ही गोळी देत नाही, घशाला हात लावत नाही, काय करायचं ते सांगत नाही, मग करता काय? बाई रागावल्या नाहीत. आत काय बोलणं होतं ते सांगणार नाही, पण पद्धत सांगते, म्हणाल्या.

"माणूस काही गोष्टी बोलत नाही, पण म्हणून त्या जात नाहीत. तो कुणावर चिडतो, कशाला भितो, कुठं त्याचा आवाज जातो, त्यात त्या येतात. माझ्याशीही ते हळूहळू तसंच वागतील. ते मला दिसेल, मी त्यांना दाखवीन, आणि आम्ही दोघं मिळून ते कुठून आलं ते बघू."

मला निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण बाई खोटं बोलत नाही एवढं कळलं.

गावात बोभाटा झालाच. भागुजी येड्याच्या डॉक्टरकडं जातोय. ही गोष्ट पारगावला व्याह्यांच्या कानावर गेली. व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी हात पुसत पुसत गेले, म्हणलं मोडलं लग्न. ते एवढंच विचारत होते, बरं वाटतंय का भाऊंना. मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या देऊन ठेवल्या होत्या, त्या परत घेतल्या.

दर शनिवारी चार वाजता. पाऊस असो, एसटी बंद असो. आधी आधी हे आत जाऊन प्रवचन द्यायचे म्हणे. बाईंनी काही विचारलं की दुःख म्हणजे काय, अनित्य म्हणजे काय, हे समजावून सांगायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, हे बौद्धाचार्य बोलले, भागुजी कुठं आहेत? मग हे गप्प. कधी कधी पन्नास मिनिटांतली चाळीस गप्प. मी बाहेर बसून विचार करायची, घरी गप्प बसतो ते फुकट, इथं पुण्याला येऊन गप्प बसायचं!

डिसेंबरात बाई तीन आठवडे सुट्टीवर गेल्या. लेकीकडं जायच्या होत्या, महिनाभर आधी सांगितलं होतं. पहिल्या शनिवारी ह्यांनी ते मान्य केलं. दुसऱ्या शनिवारी ओसरीवर येरझारा घालायला लागले. तिसऱ्याला माझ्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. चहात साखर कमी आहे म्हणून! मी कप आपटला आणि तरी मनात कुठंतरी बरं वाटलं, की ह्या माणसाला चव कळते.

जानेवारीत पहिल्या भेटीला हे ताडताड आत गेले. बाहेर मला ह्यांचा आवाज ऐकू आला. शब्द नाहीत, पण आवाज, तो मोठा, मंडपातला आवाज.

एसटीत बसलो. चाकण गेलं, राजगुरुनगर गेलं. मंचरच्या अलीकडं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी आज बाईला लई बोललो."

काय बोलले ते त्यांनी सांगितलं. बाईंनी विचारलं, मी गेले तेव्हा काय वाटलं? हे म्हणाले, ज्याला तुमची गरज हाय त्याला सोडून तुमी जाताच कशा? कुणाचं काय व्हईल ह्याचा इचार नाय का? आणि हे बोलून झालं तेव्हा आपण हे कुणाला बोललो ते ह्यांचं ह्यांनाच कळलं. बाईंनी काही सांगितलं नाही.

मी म्हणलं, कुणाला बोललात?

"त्या दिशी मी खोडदला निघालो तर त्यानं माझा शर्ट धरला व्हता," हे म्हणाले. "दादा, आज जाऊ नका, म्हणला. मी त्याची बोटं सोडवली. नवरदेव उभा हाय, म्हणलं, कार्य अडंल. आलोच संध्याकाळी."

हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी त्या वेळी मागं चुलीपाशी होते. गाडीत माणसं होती, कंडक्टर तिकिटं फाडत होता, आणि मला आठवलं की मी आतून काय ओरडले होते. जा तुम्ही, मी आहे ना, ताप तर आहे, उतरेल. ते मी विसरले होते असं नाही. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना माफ न करणं त्याहून सोपं होतं.

मी ह्यांना ते सांगितलं. हे म्हणाले, ऐकलं व्हतं मी. मग निमगाव येईपर्यंत माझा हात ह्यांनी धरला होता आणि साळुबाईचा दीर समोरच्या बाकावर बसून बघत होता, तरी सोडला नाही.

त्यानंतर भेटींतून काय काय निघालं ते थोडं थोडं मला कळत गेलं. लग्नात नवरदेव समोर उभा राहिला की ह्यांना त्याच्या जागी पोरगं दिसायचं, आणि आपण परत एकदा त्याला सोडून लग्न लावायला आलोय असं वाटायचं. रुपेशच्या लग्नापर्यंत कसंबसं चाललं, कारण नवरदेव मोठे असायचे. रुपेश उभा राहिला आणि आमचं पोरगंही लग्नाच्या वयाचं झालं. मातीला आवाज का जायचा नाही? तर तिथं मनानं हे लेकाजवळच उभे असायचे. हे बाईंनी सांगितलं नाही, ह्यांनीच एका शनिवारी सांगितलं, आणि बाईंचे डोळे भरले होते म्हणे. मला ऐकून बरं वाटलं. मी त्या दिवशी बाईंसाठी परत शेंगा न्यायचं म्हणत होते, हे म्हणाले, राहू दे, परत प्रश्न विचारील.

मधे ह्यांनी दोन लग्नांत करून बघितलं. एकात आवाज अर्ध्यात बसला, एकात शेवटपर्यंत टिकला, नुसता घोगरा झाला. आम्हाला वाटलं, जमलं! अमृता नाचायचीच बाकी होती. आणि एप्रिलमध्ये ह्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "पोरी, तुझ्या लग्नाचा विधी मी घेणार न्हाई."

अमृता म्हणाली, दादा, आवाज तर आलाय. हे म्हणाले, "आलाय. म्हणूनच सांगतो. कपिलच्या येळंला बाप व्हायचं सोडून मी बौद्धाचार्य झालो. तुझ्या येळंला मला बाप व्हऊन बसायचंय."

अमृता रडली, भांडली. ह्याच्यासाठी केलं का मी सगळं, म्हणाली. मलासुद्धा ते पटलं नव्हतं, खरं सांगते. चार गावं म्हणणार, बघा, येड्याच्या डॉक्टरनं आवाज काही आणला नाही. मी ते ह्यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, म्हणू दे. तीन दिवस पोरगी बापाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी फोन करून विचारलं, मग विधी घेणार कोण? ह्यांनी खोडदच्या यशोधराचं नाव सांगितलं. तिशीची शिक्षिका, ह्यांच्याच हाताखाली शिकलेली. बाईमाणूस विधी घेणार म्हणून आणखी चार तोंडं हलली, त्यांना मी माझ्या पद्धतीनं गप्प केलं.

आठ मे, रविवार. समाजमंदिरापुढं मंडप. चारशे माणूस. हे पांढरे कपडे न घालता फिकट निळा शर्ट घालून माझ्या शेजारी गादीवर बसले होते आणि लोक ह्यांच्याकडं बघत होते, बौद्धाचार्य इथं काय करतोय म्हणून. हातापायांचं काय करावं ते माणसाला कळत नव्हतं. यशोधरानं पुकारलं, मुलीच्या आईवडिलांनी पुढं येऊन मेणबत्ती लावावी. आम्ही गेलो, लावली. मी वळले, हे वळेनात. मग लोकांकडं तोंड करून म्हणाले, थोडं बोलायचंय. रुपेश माईक घेऊन धावला, त्याला हातानंच नको म्हणाले.

"अमृताला एक भाऊ व्हता. कपिल."

मागं कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं, ते माझ्यापर्यंत ऐकू आलं.

"आज तो सत्तावीस वर्षांचा असता. हितं समद्यांना पाणी देत फिरला असता. त्याला ताप व्हता. दादा, जाऊ नका, म्हणला. मी लग्न लावाया गेलो. त्याच्या मातीला मी रडलो न्हाई. तुमी मला लई शाबासकी दिली…"

पुढचं बोलता आलं नाही. मला वाटलं, गेला आवाज. पण तसं नव्हतं. हे तिथंच स्टेजच्या कडेला बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, मयतीत बाया रडतात तसे. असा रडताना मी कुठलाच पुरुष पाहिला नव्हता. मी शेजारी बसले. अमृता पांढऱ्या साडीत तशीच खाली आली आणि बापाच्या पायाशी बसली. व्हिडिओवाला शूटिंग करत होता, रुपेशनं जाऊन कॅमेऱ्यावर हात ठेवला.

लोकांची चुळबुळ सुरू झाली. लग्नात रडणं बरं दिसत नाही, कुणीतरी म्हणालं. भिमाजी कावराबावरा होऊन यशोधराकडं गेला, उशीर होतोय, सुरू करायचं का? त्या पोरीनं हातातली पुस्तिका मिटली.

"आपल्यात मुहूर्त नसतो, काका," ती म्हणाली. "त्यांचं होऊ द्या. आपण थांबू."

आणि चारशे माणूस थांबलं. आचारी दोनदा येऊन डोकावून गेला. पोरं कंटाळून बाहेर खेळायला गेली. व्याही आपल्या जागेवरून उठले, मला वाटलं आता काय बोलतात. ते येऊन आमच्याजवळ नुसते खाली बसले. किती वेळ गेला, कुणी म्हणतं वीस मिनिटं, कुणी म्हणतं पाऊण तास. मला ते माहीत नाही. मला एवढंच वाटत होतं, रडू दे, माझ्या पोराचा बाप रडतोय, कुणी मधे येऊ नका.

मग हे उठले. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, पाणी प्याले, माझ्या शेजारी येऊन बसले आणि यशोधराला म्हणाले, घे पोरी. तिनं त्रिसरण सुरू केलं आणि चारशे माणसांनी मागून म्हणायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांत ह्यांचा तो आवाज मी नेहमी समोरून ऐकला होता. त्या दिवशी तो माझ्या खांद्याला लागून येत होता, बाकीच्या माणसांच्या आवाजात मिसळून. मधे एकदा तो चिरकला. ह्यांनी खाकरून पुढची ओळ धरली.